एमबीबीएसची नवी बॅच आणि सिगरेटवर एक तास: काळं फुफ्फुस सोडून दाखवायचं काय?

चौथा_बेंच (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फाउंडेशन कोर्समध्ये तंबाखूवर एक तास ठरलाय. नेहमीचा साचा सगळ्यांना पाठ आहे: गुलाबी फुफ्फुसाशेजारी काळं फुफ्फुस, तोंडाच्या कॅन्सरचे चार फोटो, हात पुढे करून शपथ, मग चहा. आणि त्या चहाच्या सुट्टीत शपथ घेतलेली अर्धी रांग गेटबाहेर टपरीवर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेडिकलच्या पोराला माहिती कमी पडत नाही. सेकंड इयरला पॅथॉलॉजीच्या जर्नलमध्ये स्क्वॅमस मेटाप्लेशियाची (धुराने श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी बदलतात त्याची) आकृती सगळ्यात सुबक काढणारा बऱ्याचदा हाच असतो, गुलाबी-जांभळी पेन्सिल टोकदार करून. त्याची सिगरेट माहितीवर चालत नाही, वेळापत्रकावर चालते: प्रॅक्टिकल संपलं की, पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की, नाइटला दोन पेशंटच्या मधे. म्हणून त्या तासात हाताशी राहील असं काय सांगावं? हिस्टरी कशी घ्यायची, सोडायचं तर कशाने, किती डोस, काय बिघडतं, नियम काय म्हणतो. भाषण नको, ऐवज द्या.

कडकचहा

पहिला. शपथेनंतरचा चहा रद्द करा, निम्मं काम झालं.

निशाचर

हिस्टरीपासूनच सुरू करा, कारण तिथेच पहिली चूक होते. पुस्तकातलं पॅक-इयर म्हणजे रोजची पाकिटं गुणिले वर्षं, आणि पुस्तकातल्या पाकिटात २० सिगरेटी असतात. आपल्याकडचं नेहमीचं पाकीट १० चं. पेशंट म्हणतो, “रोज एक पाकीट, आठ वर्षं,” पोरगं लिहितं ८ पॅक-इयर. खरे ४. वायवाला (तोंडी परीक्षेला) यावर हमखास पकडतात.

विडीवाल्याला तर पॅक-इयर लावूच नका. स्मोकिंग इंडेक्स काढा: दिवसाच्या विड्या किंवा सिगरेटी गुणिले वर्षं. १०० च्या आत सौम्य, १०० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त. विडीत तंबाखू सिगरेटपेक्षा बरीच कमी असते म्हणून पोरं तिला हलकी समजतात. पण ती सारखी विझते, विझू नये म्हणून झुरके पटापट आणि जोरात मारावे लागतात. त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटच्या तोडीस तोड, कधी वरचढ.

वैदर्भी

निशाचर, हिस्टरी म्हणता तर प्रश्नच चुकतो नं भाऊ. “स्मोकिंग करता का?” विचारलं की आजी म्हणते नाही. ओढत नाहीच ती, मिसरी लावते दिवसातून चारदा. आमच्याकडचा माणूस म्हणेल, “कसलंच व्यसन नाही,” आणि गालात खर्रा. खर्रा हे व्यसन आहे असं त्याला वाटतच नाही.

प्रश्न असा पाहिजे: “तोंडात काही धरता का? मिसरी, खर्रा, मावा, गुटखा, नुसती सुपारी? विडी-सिगरेट?” एकेक नाव घेऊन, थांबत थांबत. आणि हात पाहा. खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटतात. खाणाऱ्याच्या खिशात नाहीतर मोबाइलच्या कव्हरमागे ती घडी घातलेली पुडी असते. हे मेडिकलच्या पोरांनाही लागू. सिगरेटचा वास रेक्टरला येतो, खर्रा लेक्चरला बसून चालतो.

तेव्हा तासाचं नावच “स्मोकिंग” ठेवू नका. गॅट्स या प्रौढांच्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के होते. फक्त धुरावर बोललात तर सातातले सहा जण हॉलबाहेरच राहिले.

दातकोरणं

वैदर्भींना +१, आणि दाताच्या बाजूने भर. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा घट्ट होत जाते, त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मोठ्या माणसाचं तोंड सहज उघडतं तेव्हा समोरच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटं उभी मावली पाहिजेत. त्या तासात सगळ्यांना एकदम करायला लावा: पहिलं, मधलं, अनामिका, उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये. कोणाला अडलं तर नाव विचारू नका, ओपीडीची वेळ तेवढी सांगा. तिखट खाल्लं की गालाची आग होणं हे तोंड आखडायच्या आधीचं लक्षण. पोरं त्याला “मेसची भाजी तिखट होती” म्हणतात.

इथे पुढे कोणीतरी निकोटिन गम सांगेलच, म्हणून आधीच सांगते. ज्याचं तोंड दोन बोटांवर आलंय त्याला गम चावता येत नाही. लॉझेंज (चघळायची निकोटिनची गोळी) किंवा पॅच (कातडीवर लावायची निकोटिनची पट्टी). आणि निकोटिन दिलं तरी सुपारीची ओढ त्याने पूर्ण भागत नाही, कारण सुपारीत ॲरेकोलिन वेगळं असतं.

बाबुराव_आपटे_नव्हे

मी डॉक्टर नाही, वाचायला आलोय. साधा प्रश्न: डॉक्टर होणारेच ओढतात तर आम्ही त्यांचं का ऐकायचं?

पिवळी_रेघ

बाबुराव, उलट बघा. सिगरेटीने काय होतं हे जगाला पक्कं कळलं ते डॉक्टरांच्याच ओढण्यामुळे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून “तुम्ही किती ओढता” विचारलं आणि मग वर्षानुवर्षं कोण कशाने मेलं याची नोंद ठेवली. पुरुष डॉक्टरच ३४,४३९. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला: सतत ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीला सोडली तर त्यातली साधारण तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, आणि तिशीला सोडली तर जवळजवळ सगळी.

हा शेवटचा आकडा फर्स्ट इयरच्या पोरांसाठी सगळ्यात कामाचा आहे आणि सगळ्यात घातकही. तो ऐकून पोरं म्हणतात, “मग एमडी होईपर्यंत चालेल.”

हे तेच ब्रॅडफर्ड हिल, ज्यांच्या नावाचे कारणमीमांसेचे निकष पीएसएमला (सामाजिक वैद्यकशास्त्राला) पाठ करून विसरतात. आणि डॉलनी स्वतःच्या पहिल्या अभ्यासाचे आकडे बघून सिगरेट सोडली होती.

बाबुराव_आपटे_नव्हे

म्हणजे डॉक्टर मेले म्हणून आम्हाला कळलं. उपकार आहेत.

शिस्तप्रिय

एवढं लाडाकोडाचं कशाला? आवारात सिगरेट दिसली की थेट निलंबन आणि घरी पत्र. पुढच्या आठवड्यात एक थोटूक सापडणार नाही.

पिवळी_रेघ

शिस्तप्रिय, थोटूक सापडणार नाही हे मान्य. ओढणारा मात्र टपरीवरून उठून होस्टेलच्या गच्चीवर, बाथरूममध्ये, नाहीतर हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात जातो, आणि त्या जिन्याच्या खाली ऑक्सिजनची भरलेली सिलिंडरं उभी असतात. शिवाय अल्कोहोलचं हँडरब हाताला चोळून, ते सुकायच्या आत लायटर पेटवणारे असतात. त्याची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही, चटका बसल्यावर कळतं.

नियमाचं म्हणाल तर तो आधीच पुरेसा आहे, वापरत कोणी नाही. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, कलम ४: सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद, दंड २०० रुपयांपर्यंत. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत दंड करायचा अधिकार कॉलेजात प्राचार्यांना आणि शिक्षकांना, हॉस्पिटलात अधीक्षकांना दिलेला आहे. पोलिसांची वाट बघावी लागत नाही. मोठ्या हॉटेलांना आणि विमानतळांना वेगळी स्मोकिंग रूम ठेवता येते. हॉस्पिटलला आणि कॉलेजला ती सवलत नाही.

विक्रीचं कलम ६: शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकता येत नाही. यात लोक चुकतात ते मोजण्यात. अंतर मुख्य गेटपासून रस्त्याने मोजायचं नाही. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चारी दिशांना. मेडिकलचं आवार म्हणजे कॉलेज, होस्टेल, हॉस्पिटल सगळं एकाच भिंतीत. त्यामुळे कॅज्युअल्टीच्या गेटासमोरची, नातेवाइकांसाठी म्हणून चालणारी टपरीसुद्धा पट्ट्यात येते. टेप घेऊन एकदा मोजाच. ही हद्द दाखवणारी पिवळी रेघ बहुतेक ठिकाणी फक्त मुख्य गेटासमोर मारलेली असते.

कडकचहा

आयडीचं रहस्य उलगडलं.

स्टेथो_गळ्यात

टपरीवरून आठवलं. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगरेट-विडी विकायला बंदी आहे. पण “एक छोटी गोल्ड” म्हटलं की काउंटरवर सुटी येतेच; लायटर दोरीला टांगलेला, नाहीतर काथ्याचा सुंभ खांबाला बांधून धुमसत ठेवलेला. सुट्या विक्रीचा तोटा किमतीपुरता नाही. पाकिटाच्या दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेवर इशारा छापलाय, शिवाय क्विटलाइनचा (सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा) नंबर, १८००-११-२३५६. सुटी घेणाऱ्या पोराच्या हातात ते पाकीट वर्षभर येतच नाही. चित्र बघतो तो टपरीवाला.

आणि सुटीमुळे मोजदाद बिघडते. पाकीट घेणाऱ्याला कळतं की काल दहा संपल्या. सुटी घेणारा छातीवर हात ठेवून “दोन-तीनच” सांगतो, आणि खोटं बोलत नसतो.

रशियातून_थंडीत

आमच्याकडे एमबीबीएसला आलेली बरीच मराठी पोरं आहेत म्हणून दोन ओळी. रशियात १ जून २०१३ पासून शिक्षणसंस्था आणि दवाखान्यांच्या इमारतीतच नाही, आवारातही ओढायला बंदी आहे. म्हणून पोरं कुंपणाबाहेर बर्फात उभी. “थंडीत ऊब येते” हा समज मात्र पक्का. निकोटिनने हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, बोटं आणखी गार पडतात. ऊब येते ती पेटत्या काडीची.

पाकीट इथे २० चं, त्यामुळे निशाचर यांचा ८ आणि ४ चा घोळ इथे होत नाही. गावी गेल्यावर होतो.

अमृता_के

एक बाजू कोणी काढली नाही. मुलींना हा प्रश्न विचारतच नाहीत. लेक्चरमध्ये सगळी उदाहरणं “तो ओढतो” अशी. टपरीवर उभ्या मुलीकडे रस्ता वळून बघतो, म्हणून मुली टपरीवर थांबत नाहीत. कॅफे, गाडी, रूम. टपरीकडे बघून अंदाज बांधला की मुली शून्य निघतात. आणि जी ओढते तिला मदत मागणं दुप्पट अवघड, कारण पहिला शेरा तब्येतीवर नाही, “घरचं वळण” यावर येतो. तो शेरा मारणारे कधीकधी हातात सिगरेट धरूनच मारतात.

तासात ठेवण्यासारखा वैद्यकीय मुद्दा: वय ३५ किंवा वर आणि रोज १५ किंवा जास्त सिगरेटी, अशा बाईला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डब्ल्यूएचओच्या निकषांत चौथ्या वर्गात, म्हणजे द्यायच्याच नाहीत. गोळ्या लिहिताना हा प्रश्न विचारायची सवय यूजीपासून लागली पाहिजे.

चौथा_बेंच (धागाकर्ता)

अमृताताई, बरोबर. स्लाइडवरचे “तो” काढतो. बॅचचा एक सर्व्हेही घ्यायचा विचार आहे, त्यावर कोणी सांगेल का?

फॉर्म_भरा

सर्व्हेची नेहमीची फजिती सांगतो. गूगल फॉर्म कॉलेजच्या ईमेलवरून लॉगइन करायला लावतो आणि वर लिहिलेलं असतं “तुमची माहिती गोपनीय राहील”. कोण खरं लिहिणार? कागद वाटा, नाव-रोल नंबर नको, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या, आणि पेटी दाराजवळ नाही, खोलीच्या मध्यावर ठेवा म्हणजे टाकताना कोणी घडी उघडून बघत नाही. न ओढणाऱ्यालाही तेवढेच प्रश्न असू द्या. नाहीतर तो दोन मिनिटांत संपवून मान वर करतो, आणि जो अजून लिहितोय तो सगळ्यांना दिसतो.

व्याख्या आधी ठरवा. “सध्या ओढणारा” म्हणजे मागच्या ३० दिवसांत एक दिवस जरी ओढली तो. आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांच्या जागतिक सर्वेक्षणात तिसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी हीच व्याख्या वापरतात, म्हणून तुलना करता येते. “कधीतरी” हा पर्याय ठेवलात तर निम्मे तिथेच जाऊन बसतील. ओढणं आणि खाणं वेगवेगळे प्रश्न, वेप (ई-सिगरेट) तिसरा, हुक्का चौथा. त्याच सर्वेक्षणात एक चांगला प्रश्न आहे: पेशंटला तंबाखू कशी सोडवायची याचं प्रशिक्षण मिळालं का? तो ठेवाच, त्याचं उत्तर कॉलेजला लागतं, पोरांना नाही.

आकडे छापायचे असतील, आयसीएमआरच्या एसटीएसला (विद्यार्थ्यांच्या छोट्या संशोधनाच्या योजनेला) टाकायचे असतील, तर एथिक्स कमिटीची मान्यता माहिती गोळा करायच्या आधी. नंतर मिळत नाही.

निशाचर

पेन एकाच रंगाचं! जेलमध्ये परीक्षा घेतात तशी.

फॉर्म_भरा

हिरव्या शाईवाला प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच, म्हणून.

गमवाला

आता मुद्द्याचं. सोडायला काय. गमने सुरुवात करतो कारण तो सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो.

२ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४, नसेल तर २. पोरं तो च्युइंगमसारखा चावत सुटतात. निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, छातीत जळजळ होते, आणि “काही उपयोग नाही” म्हणून पाकीट कपाटात पडतं. पद्धत अशी: हळू चावायचा, दहा-पंधरा वेळा, तिखटसर झिणझिणी आली की थांबायचं. गम गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. मिनिटभराने झिणझिणी गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा आणि जागा बदलून दाबायचा. एक गम अर्धा तास. तो काम करतो गालाच्या आतल्या त्वचेतून. तोंड आंबट असलं की निकोटिन तिथून आत शिरत नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत बंद. टपरीवर चहाबरोबर गम चावणं म्हणजे पैसे थुंकणं.

आणखी एक: सिगरेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर गम काढला तर उशीर झालेला असतो. पहिले सहा आठवडे घड्याळ लावून, एक ते दोन तासांनी एक. मग तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही.

पॅच: रोज १० पेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन, ७ दोन. केस नसलेल्या कोरड्या जागी, तळव्याने दहा सेकंद दाबून, रोज जागा बदलून. मे महिन्यात घामाने सुटतो. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून लावा, पावडर-तेल नको. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढा. काढलेल्यात निकोटिन उरलेलं असतं, चिकट बाजू आत घडी घालून टाका. पॅच आणि वर अडीनडीला गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा किंवा एकट्या पॅचपेक्षा सरस ठरलेली आहे.

फार्मात_आहे

गमवाला यांनी गोळ्या सोडल्या, त्या मी टाकतो. दोन्ही चिठ्ठीवरच्या आहेत, स्वतःला लिहून घेऊ नका. बुप्रोपिऑन १५० मिलिग्रॅम रोज एक, तीन दिवस, मग दोनदा. सोडायच्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू. फिट्स येणाऱ्याला आणि खाण्याचे विकार असणाऱ्याला अजिबात नाही. व्हॅरेनिक्लिन ०.५ एकदा तीन दिवस, मग दोनदा चार दिवस, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. जेवल्यावर, ग्लासभर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळीनेच लोक सोडतात.

पण माझा मुद्दा चहाचा आहे. सिगरेटच्या धुरातले पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन यकृतातलं सीवायपी-१ए-२ हे एन्झाइम वाढवून ठेवतात. निकोटिन नाही, धूर. कॅफिन याच एन्झाइमने मोडतं. म्हणून ओढणारा दिवसाला आठ चहा-कॉफी पचवतो. सिगरेट बंद झाली की आठवड्याभरात एन्झाइम खाली येतं आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जातं. हात थरथरणं, धडधड, झोप नाही, चिडचिड. पोरगं म्हणतं, “निकोटिन सुटल्याचा त्रास,” आणि पुन्हा पेटवतं. निम्मा त्रास कॉफीचा असतो. सोडायच्या दिवशीच चहा-कॉफी निम्मी करा.

हेच वॉर्डात: ओलांझापिन, क्लोझापिन ही मनोविकारांवरची किंवा थिओफायलिन हे दम्यावरचं औषध घेणारा पेशंट भरती झाल्यावर सिगरेट सुटते आणि गोळी तीच राहून पातळी चढते. वायवाचा लाडका प्रश्न. गम-पॅचने हे एन्झाइम वाढत नाही, हा त्यातला उपप्रश्न.

कडकचहा

आयडी बदलायची सोय आहे का इथे? अर्धा_चहा.

स्टेथो_गळ्यात

डोस सगळे ठीक, पण होस्टेलच्या पोराला ते बसतच नाहीत, हे कोणी म्हणेल का? निकोटिनचं व्यसन किती ते मोजायचे फॅगरस्ट्रॉमचे सहा प्रश्न, एकूण १० गुण. उठल्यावर ५ मिनिटांत पहिली तर ३, अर्ध्या तासात २, तासाभरात १, नंतर ०. दिवसाला १० किंवा कमी असतील तर त्या प्रश्नाला ०. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे दिवसाला चार-पाच, पहिली सकाळी अकराला, पीएलमध्ये बारा. याचा स्कोअर एक-दोन निघतो, आणि तो कागद दाखवून सांगतो, “बघा, मला व्यसन नाहीच.”

त्याला २१ चा पॅच लावलात तर उलटी होईल. त्याचं बंधन निकोटिनपेक्षा जागेचं आणि माणसांचं आहे. त्याने आठवडाभर प्रत्येक सिगरेटसमोर फक्त वेळ, जागा, सोबत कोण, एवढं लिहावं. सातव्या दिवशी तीन-चारच जागा निघतात, आणि त्यातली एक नक्की “चहाला चल” असते. चहा कॅन्टीनला हलवायचा. नाइटला तलफ तीन-पाच मिनिटं टिकते; तेवढ्यात पाणी, जिना, ड्रिप बघून येणं. गम हवाच तर त्या तीन जागांपुरता, पोचायच्या वीस मिनिटं आधी.

तारीखही महत्त्वाची. त्रास पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळ्यात जास्त. दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. लक्ष लागत नाही, तोंड येतं, पोट साफ होत नाही. म्हणून पीएलच्या पहिल्या दिवशी “आता सिगरेट बंद, अभ्यास सुरू” ही तारीख सगळ्यात वाईट. परीक्षा संपल्यावर, किंवा हलकी पोस्टिंग लागल्यावर.

निशाचर

हलकी पोस्टिंग म्हणजे पीएसएम का? धागाकर्ते त्याच विभागाचे दिसतात, जपून.

चौथा_बेंच (धागाकर्ता)

दुखावलो आहे, पण मुद्दा स्लाइडवर घेतला.

जेन_झी_डॉक्टर

तुम्ही सगळे सिगरेटवरच आहात. होस्टेलवर आता वेप आहे. वास नाही, राख नाही, रीडिंग हॉलमध्येही चालतो.

पिवळी_रेघ

२०१९ च्या ई-सिगरेटबंदीच्या कायद्याने बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात, सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, साठवणाऱ्याला सहा महिने किंवा ५०,००० पर्यंत. तेव्हा रूममध्ये बॅचसाठी डझनभर आणून ठेवणारा “दानशूर” साठवण्यात येतो, हे त्याला कळू दे.

गमवाला

वेपची अडचण मोजमापाची. सिगरेट संपते, हा संपत नाही. ५ टक्के निकोटिनचा २ मिलिलिटरचा पॉड (वेपमधली द्रवाची कुपी) म्हणजे आत १०० मिलिग्रॅम. वास नसल्याने दर पाच मिनिटांनी एक झुरका, मग फॅगरस्ट्रॉममधला “दिवसाला किती” हा प्रश्नच लागू पडत नाही. त्याऐवजी विचारा: पॉड किती दिवसांत संपतो, आणि रात्री जाग आली तर हात तिकडे जातो का.

अमृता_के

हुक्क्याचंही दोन वाक्यांत उरका: पाण्याने धूर गार होतो, गाळला जात नाही. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. पार्लर २०१८ पासून महाराष्ट्रात बंद आहेत, पण “फ्लेवर आहे, तंबाखू नाही” हा समज चालू आहे.

शिस्तप्रिय

निलंबनाचा आग्रह सोडतो. पण त्या तासात डोळ्यांसमोर काही दिसलं पाहिजे, नुसती बडबड नको.

निशाचर

दोन गोष्टी दाखवता येतात. “माइल्ड” म्हणून विकली जाणारी सिगरेट उजेडात धरा. फिल्टरवरच्या कागदावर, ओठांच्या टोकापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर, बारीक भोकांची ओळ दिसते. मशीन ओढतं तेव्हा त्या भोकांतून हवा शिरते, धूर पातळ होतो, आकडा कमी येतो. माणूस धरतो तेव्हा बोटं किंवा ओठ नेमके त्या भोकांवर. शिवाय कमी मिळालं की तो खोल ओढतो. कॅमेऱ्याखाली मोठी करून दाखवा, पेटवायची गरज नाही.

दुसरं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र. पंधरा सेकंद श्वास रोखून सावकाश पूर्ण सोडायचा. न ओढणाऱ्याचं साधारण ६ पीपीएमच्या आत, ओढणाऱ्याचं १० च्या वर. सकाळी आठला घेतलात तर फसाल. कार्बन मोनॉक्साइड साधारण पाच तासांत निम्मा होतो, रात्रभरात उतरतो. दुपारनंतर घ्या. आणि सगळ्यांसमोर कोणाला बोलावू नका, मागच्या खोलीत ठेवा, ज्याला हवं तो जाईल. जोडीला पल्स ऑक्सिमीटर: ओढणाऱ्याचंही ९८-९९ दाखवतो, कारण दोन तरंगलांबीच्या त्या यंत्राला कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं) आणि ऑक्सीहिमोग्लोबिन (ऑक्सिजन चिकटलेलं) यांतला फरक कळत नाही. “माझं सॅच्युरेशन नॉर्मल आहे” म्हणणाऱ्याचं तिथे तोंड बंद होतं.

चौथा_बेंच (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, आराखडा ठरला. पहिली दहा मिनिटं निनावी कागद आणि पेटी. मग तीन बोटांची चाचणी. हिस्टरीचा प्रश्न वैदर्भींच्या भाषेत, जोडीजोडीने विचारून बघायचा, पाठोपाठ १० आणि २० च्या पाकिटाचं गणित. फिल्टरची भोकं कॅमेऱ्याखाली. गम प्रत्यक्ष चावून दाखवणार, साधा च्युइंगम घेऊन. निकोटिनचा नको, न ओढणाऱ्याला चक्कर येईल. कॉफीचं एन्झाइम पाच मिनिटं. यंत्र मागच्या खोलीत, तास दुपारी तीनला. काळं फुफ्फुस नाही. शपथ नाही. चहा आहे, अर्धा.

एकच राहिलं. हॉलबाहेर “धूम्रपान निषिद्ध” पाटी नव्याने लावायची आहे, मापाचा काही नियम?

पिवळी_रेघ

किमान ६० बाय ३० सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. प्रत्येक प्रवेशद्वारी, मजला असेल तर प्रत्येक मजल्यावर, जिना आणि लिफ्टपाशीही. आवारात ॲशट्रे ठेवायचे नाहीत. आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव ठळक लावावं लागतं, ते सगळे विसरतात.

चौथा_बेंच (धागाकर्ता)

नाव रेक्टरचं टाकू?

कडकचहा

टाका. तक्रार घेऊन पोरं टपरीवरच जातील, तिथेच भेटतात.